भार त्याच्यावर, वल्हे आपल्या हाती

"सगळा भार पांडुरंगावर टाकला आहे." आपल्या संप्रदायात हे वाक्य रोज कोठे ना कोठे कानावर पडते. घरात आजारपण असो, मुलीचे लग्न ठरत नसो, बांधावरून भावाभावांत दावा चाललेला असो, माळकरी माणूस शेवटी हेच म्हणतो. या वाक्यात फार मोठी शांती आहे. पण हेच वाक्य दोन अगदी वेगवेगळी माणसे म्हणू शकतात. एकाने करण्यासारखे सारे केलेले असते आणि पुढचे आपल्या हाती नाही हे ओळखून तो हात जोडतो. दुसऱ्याने काहीच केलेले नसते, आणि न करण्याला त्याने देवाचे नाव दिलेले असते. शब्द तेच, माळ तीच. मग एकाची शरणागती आणि दुसऱ्याची टाळाटाळ यांतला फरक कसा ओळखावा? आणि मुख्य म्हणजे, तो आपला आपल्याला कसा ओळखावा? हा प्रश्न वाचकहो, मी आज आपल्यापुढे ठेवतो.

संतांनी संसाराला भवसागर म्हटले, भवनदी म्हटले, आणि देवाला, गुरूला, नामाला तारणारे तारू म्हटले. हा दृष्टांत आपल्या इतका ओळखीचा झाला आहे की त्यातली नाव खरोखर कशी चालते याकडे आपण बघतच नाही. ज्यांनी बाणकोटच्या किंवा दाभोळच्या खाडीत होडीने प्रवास केला आहे, किंवा पंढरपुरात पात्रात पाणी असताना विष्णुपदाकडे होडीने गेले आहेत, त्यांनी नावाड्याचे हात आठवावेत. ते क्षणभरही मोकळे नसतात. भर समुद्रात चारी बाजूंना पाणी असते, थोडी दिशा चुकली तरी सावरायला जागा असते. नावाड्याची खरी परीक्षा अरुंद पाण्यात आणि वळणावर होते. तेथे एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला वाळूचा दांडा, समोरून कोण येते ते दिसत नाही, आणि मागून प्रवाह ढकलत असतो. आपल्या आयुष्यातही बहुतेक दिवस मोकळ्या पाण्याचे असतात. ज्या चार-सहा प्रसंगांत माणूस तरतो किंवा बुडतो, ते सारे वळणावरचे असतात. म्हणून या दृष्टांताचा विचार वळणापासूनच केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडू. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माउलींनी मायेला नदीचे रूपक दिले आहे. ती नदी तरून जाण्यासाठी लोकांनी काय काय उपाय केले आणि ते कसे वाया गेले, हे तेथे एकेक करून सांगितले आहे. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या बळावर उडी घेतली, त्यांचा पत्ता लागला नाही. कोणी वेदांची सांगड बांधली, पण बरोबर अहंभावाचे धोंडेही घेतले, ते गर्वाच्या माशाने गिळले. मग तरले कोण? ज्यांनी सर्वभावे देवाला भजले ते. त्यांना तर पलीकडे जावेच लागले नाही, अलीकडच्या तीरावरच मायेचे पाणी सरले. हे वाचून कोणी म्हणेल, "पाहा, स्वतःच्या बळावर गेले ते बुडाले, शरण गेले ते तरले. मग आपण वल्हे हाती घ्यावेच कशाला? नावाडी तो आहे, आपण स्वस्थ बसावे."

पण त्याच ठिकाणी माउलींनी आणखी काही सांगितले आहे. तरणाऱ्यांपुढे सद्गुरू तारू होऊन उभा असतो हे तर खरेच, पण त्या तरणाऱ्यांनी अनुभवाची कास घट्ट मारलेली असते आणि आत्मनिवेदनाचा तराफा त्यांच्या हाती आलेला असतो. अहंकाराचे ओझे त्यांनी टाकलेले असते, विकल्पाचा वारा चुकवलेला असतो. कास मारणे, ओझे टाकणे, वारा चुकवणे, या साऱ्या करण्याच्या गोष्टी आहेत. हा स्वस्थ बसलेल्या उतारूचा वर्णनक्रम नव्हे. तेव्हा पूर्वपक्षाला आधार म्हणून जे रूपक घेतले, तेच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

आता पाण्याकडे वळू. नदीचे वळण कसे असते ते पंढरीच्या वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. भीमा पंढरपुराजवळ चंद्रकोरीसारखी वळते म्हणूनच आपण तिला चंद्रभागा म्हणतो. कोणत्याही वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाला जाऊन आदळतो. तेथे पाणी वेगाने वाहते, काठ खणते आणि खोल होते. आतल्या बाजूला पाणी संथ होते, आणि जेथे पाणी संथ होते तेथे ते बरोबर आणलेली वाळू टाकते. त्यामुळे नवखा माणूस फसतो. त्याला आतली बाजू जवळची वाटते, शांत वाटते. तो वळण कापून जायला बघतो आणि नाव वाळूत रुतते. भिऊन अगदी बाहेर गेला तर प्रवाह त्याला काठावर नेऊन आपटतो. जाणता नावाडी खोल पाण्याच्या बाजूने जातो, पण काठापासून अंतर राखतो, आणि वळण येण्याच्या आधीच नाव वळवू लागतो. वळणावर पोचल्यावर वळवायला घेतली तर उशीर झालेला असतो. आपल्या निर्णयांचेही असेच नाही का? व्यसन, कर्ज, भाऊबंदकी, यांतली जवळची आणि शांत दिसणारी वाट बहुधा वाळूची असते, आणि वळायचे ठरवतो तोवर प्रवाहाने आपल्याला धरलेले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट सुकाणूची आहे. सुकाणू नावेला वळवते ते पाण्याच्या दाबाने. त्यासाठी नाव आणि पाणी यांच्या वेगांत फरक असावा लागतो. वल्ही थांबवली, इंजिन बंद केले आणि नाव प्रवाहाबरोबर त्याच वेगाने वाहू लागली, की सुकाणू कितीही फिरवा, नाव ऐकत नाही. काठावरून पाहणाऱ्याला वाटते, नाव किती छान पुढे चालली आहे! पण ती चाललेली नसते, ती वाहत असते. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, प्रवाहपतित. म्हणजे सुकाणू देवाच्या हाती दिले असे जरी मानले, तरी आपण वल्हे टाकून दिले तर त्या सुकाणूला धरायला पाणी उरत नाही. देव दिशा देईल, पण जो चालतच नाही त्याला दिशा लागू पडत नाही. माझ्या मते पहिली खूण येथे सापडते. आपण भार टाकल्यानंतर आपले हात चालू आहेत का? चालू असतील तर ती शरणागती असू शकते. हात थांबले असतील तर आपण देवावर नव्हे, प्रवाहावर भार टाकला आहे. आणि प्रवाह कोणाचा सखा नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की मग जोरातच वल्हवावे. उथळ आणि अरुंद पाण्यात वेग वाढवला की मोठे जहाज पाण्यात अधिक खाली बसते आणि तळ लागण्याचा धोका वाढतो. काठाच्या फार जवळून वेगाने गेले तर त्याचा मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि पुढचे टोक भलतीकडे वळते. म्हणून अशा ठिकाणी जाणते लोक वेग कमी करतात, पण बंद करत नाहीत. सुकाणू ऐकेल इतका वेग ठेवायचा, त्याहून जास्त नाही. घरात वाद पेटला असता, किंवा मोठ्या दुःखात निर्णय घ्यायची वेळ आली असता, ही मर्यादा किती उपयोगी आहे याचा आपण अनुभव घेऊन पाहावा.

आता गुरू आणि शिष्य, देव आणि भक्त यांच्यातल्या जबाबदारीच्या वाटणीचा प्रश्न घेऊ. यासाठी मी आपल्याला कोलकात्याला नेतो. हुगळी हा गंगेचाच फाटा. कोलकाता बंदर समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक आत, या नदीवर आहे. नदीचा तळ सारखा बदलतो, आज जेथे खोल पाणी आहे तेथे पुढच्या पावसाळ्यानंतर वाळू असू शकते. दामोदर आणि रूपनारायण या नद्या जेथे हुगळीला मिळतात, त्या भागातला 'जेम्स अँड मेरी' नावाचा वाळूचा दांडा जुन्या काळापासून जहाजे गिळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. म्हणून समुद्रातून येणाऱ्या जहाजावर या नदीची नाडी जाणणारा पायलट चढतो. पायलट म्हणजे पाण्यातला वाटाड्या. सात समुद्र फिरलेला कप्तानसुद्धा त्याचे सांगणे मुकाट्याने ऐकतो, कारण समुद्र कितीही माहीत असला तरी ही नदी त्याला माहीत नसते. गुरूची गरज कशासाठी, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

परंतु वाटाड्या जहाजावर आला म्हणून कप्तान झोपायला जात नाही. बहुतेक साऱ्या जगात मानलेला नियम असा की पायलट मार्ग सांगतो, पण जहाजाची जबाबदारी कप्तानाकडून सुटत नाही. 2021 च्या मार्च महिन्यात सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाचे सुमारे 400 मीटर लांबीचे जहाज आडवे अडकले आणि 23 तारखेपासून 29 तारखेपर्यंत जगाचा तो जलमार्ग बंद पडला, हे आपण बातम्यांत पाहिले असेल. त्यावरचे खलाशी भारतीय होते. जहाजावर कालव्याचे वाटाडे होते, तरीही त्या कालव्याच्या नियमांप्रमाणे जबाबदारी कप्तानाचीच असते. पनामा कालव्यात मात्र वेगळी रीत आहे, तेथे जहाज चालवण्याचा पूर्ण अधिकार पायलटकडे जातो. येथे शरणागत म्हणेल, "बघा, असाही कालवा आहे!" आहे खरा. पण तेथेही इंजिनावरचा माणूस इंजिनावर असतो, दोर सांभाळणारा दोरापाशी असतो, आणि आज्ञा झाली की ती तत्क्षणी पाळली जाते. सगळा अधिकार दुसऱ्याला दिल्यावर आपले काम कमी होत नाही, उलट ते अधिक सावध होऊन करावे लागते. ज्याने खरोखर स्वतःला देवाच्या स्वाधीन केले, त्याच्या आळसाला तर मुळीच जागा उरत नाही.

गीतेचेही हेच सांगणे आहे. भगवान अर्जुनाचे सारथी झाले, घोड्यांचे लगाम त्यांनी हाती घेतले. पण गांडीव धनुष्य त्यांनी उचलले नाही, ते अर्जुनाच्याच हाती राहिले. अठरा अध्यायांच्या शेवटी सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवान त्याला म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. त्याच्या नंतरच ते मला एकट्याला शरण ये असे सांगतात. हा क्रम लक्षात घ्यावा. आधी विचार, मग निवड, आणि निवडीसह शरणागती. विचार गहाण टाकून दिलेली शरणागती भगवंताने मागितलेली नाही.

येथे एक शंका रास्त आहे. "वल्हे माझ्या हाती, जबाबदारी माझी, असे म्हणू लागलो तर ज्या अहंभावाच्या धोंड्यांनी लोक बुडाले तेच धोंडे आपण पुन्हा नावेत भरत नाही का?" समाधान असे. खाडीतला तांडेल पाहा. भरती केव्हा यावी हे तो ठरवत नाही. वारा कोठून वाहावा हे त्याला कोणी विचारत नाही. वळण त्याने घडवले नाही, खडक त्याने रोवले नाहीत. हे सारे तो जसे आहे तसे स्वीकारतो, आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. इतकेच नव्हे, तो पाण्याची वेळ पाळतो. उथळ खाडीत शिरायचे तर शक्यतो चढत्या पाण्यात शिरावे, कारण चढत्या पाण्यात नाव रुतली तर मागून येणारे पाणीच तिला उचलते, उतरत्या पाण्यात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसावे लागते. आपल्या बळाने नाव सुटत नाही, पाण्याच्या बळाने सुटते, हे त्याला ठाऊक असते. पण वेग किती ठेवावा, कोणत्या बाजूने जावे, किती माणसे घ्यावीत, नजर कोठे ठेवावी, हे त्याच्या हातात आहे, आणि त्याचा दोष तो भरतीवर घालत नाही. अहंकारी माणूस भरतीही माझीच म्हणतो. आळशी माणूस वल्हेही देवाचेच म्हणतो. भक्त भरती देवाची आणि वल्हे देवाने माझ्या हाती दिलेले, असे म्हणतो. आपले विहित कर्म हीच देवाची पूजा, असे माउलींनी अठराव्या अध्यायात सांगितले आहे. पूजेचे साहित्य टाकून देणे ही पूजा होत नाही.

नाव एकट्याची असती तर विषय येथे संपला असता. पण अरुंद पाण्यात दुसऱ्याही नावा असतात. समुद्रावर जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून 1972 साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यांत अरुंद मार्गासाठी एक स्वतंत्र नियम आहे. तो वाचताना मला तर दिंडीची शिस्त आठवते. पहिली गोष्ट, सुरक्षितपणे जमेल तितके आपल्या उजव्या काठाच्या बाजूने चालावे. समोर कोणी दिसत नसले तरी चालावे, कारण दिसेल तेव्हा बाजू बदलायला वेळ नसतो. दुसरी, ज्या वळणापलीकडचे दिसत नाही तेथे पोचण्याआधी एक दीर्घ भोंगा द्यावा, आणि पलीकडून येणाऱ्याने तो ऐकून तसाच भोंगा देऊन उत्तर द्यावे. म्हणजे मी येतो आहे हे आधी सांगावे. कितीतरी घरांत भांडणे होतात ती वाईट हेतूने नव्हे, तर भोंगा न देता वळण घेतल्याने होतात. मुलाने न सांगता जमीन विकायची बोलणी केली, वडिलांनी न सांगता वाटणी लिहून ठेवली, आणि वळणावर दोघे समोरासमोर आले. तिसरी गोष्ट, अरुंद मार्गात शक्यतो नांगर टाकू नये. आपण थकलो म्हणून जेथून सर्वांना जायचे आहे तेथेच थांबलो तर आपली विश्रांती दुसऱ्याचा अडथळा होते.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. लहान बोटीने, म्हणजे वीस मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटीने, किंवा शिडाच्या होडीने अशा मोठ्या जहाजाची वाट अडवू नये, ज्याला त्या खोल मार्गाबाहेर जाताच येत नाही. प्रथम वाचताना हे मोठ्यांच्या बाजूचे वाटते. पण कारण पाहा. मोठे जहाज बाजूला झाले तर ते तळाला लागेल. लहान होडीला थोडे पाणी पुरते. नियम मोठेपणाचा मान राखत नाही. ज्याला बाजूला होण्याची मोकळीक आहे त्याने, ज्याला ती नाही त्याला वाट द्यावी, एवढेच तो सांगतो. घरात आणि वारीत हा विचार लावून पाहावा. जो दुखण्याने गांजला आहे, ज्याच्यावर कर्जाचा भार आहे, जी लेकुरवाळी आहे, जो वयाने वाकला आहे, त्यांना आत्ता दुसरा मार्ग नाही. ज्याच्याकडे जागा आहे, वेळ आहे, बळ आहे, त्याने सरकावे. वाट कोणी द्यायची याचा निवाडा मान कोणाचा यावरून न करता मोकळीक कोणाला यावरून केला, तर आपले निम्मे तंटे मिटतील.

आता हे सारे पंढरीच्या घाटावर आणून पाहू, कारण तेथे प्रश्न जिवाचा होतो. आषाढीचे दिवस आहेत. धरणातून पाणी सोडले की चंद्रभागेची पातळी वाढते. होडीवाल्याची वर्षाची कमाई या चार दिवसांवर. होडी भरली आहे. काठावर एक आजी हात जोडून म्हणते, "माउली, मला एकटीला घे. पुन्हा येणे होते की नाही कोणास ठाऊक." आत बसलेले म्हणतात, "घ्या हो, एका माणसाने काय होते? पांडुरंग आहे!" येथे भक्ती कोणती?

एका माणसाने काय होते, याचे उत्तर पाण्याला विचारावे. भार वाढला की होडीची कड पाण्याच्या जवळ येते. संथ पाण्यात काही जाणवत नाही. पण वळणावर प्रवाह आडवा लागला, चार माणसे एका बाजूला झुकली, की तेवढ्या कडेवर सारे अवलंबून असते. याच भीमेवर, उजनीच्या जलाशयात, 2024 च्या मे महिन्यात वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचे प्राण गेले. ती दुर्घटना आठवायची ती कोणाला दोष देण्यासाठी नव्हे, पाण्यापुढे आपण किती लहान आहोत हे ध्यानी राहावे म्हणून. अशा वेळी "पांडुरंग आहे" हे वाक्य उच्चारून जी माणसे जादा भार घेतात, ती देवावर विश्वास टाकत नाहीत, देवाला जामीन ठेवतात. आणि स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या जिवासाठी ठेवतात. आपला भार देवावर टाकण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचा जीव आपल्या वतीने पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही भक्ताला नाही. रात्रभर जागलेल्या चालकाला "चल रे, माउली आहे पाठीशी" म्हणून दिंडीची गाडी हाकायला लावणाऱ्यालाही हेच लागू आहे.

मग आजीला काठावर सोडायचे? होडीवाल्याने "आजी, पुढच्या फेरीला नेतो" म्हणणे ही निष्ठुरता नाही, तीच त्याची सेवा आहे. ज्याच्या हाती वल्हे आहे त्याने नाही म्हणायला शिकले पाहिजे, मग समोर पैसा असो की पदर पसरलेला असो. पण उतारूंनाही काम आहे. होडीत बसलेल्या एखाद्या धडधाकट तरुणाने उठावे आणि म्हणावे, "आजी, तुम्ही या, मी मागून येतो." ज्याला मोकळीक आहे त्याने वाट द्यावी. होडीत माणसे तेवढीच राहिली, आजीला विष्णुपद घडले, आणि त्या तरुणाला काठावर उभ्या उभ्या कोणते दर्शन झाले असेल ते आपणच ठरवावे.

एक खूण आणखी सांगतो. खाडीत शिरताना काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरण्याची रीत आहे. एक जवळची, एक तिच्यामागे लांबवर आणि उंचावर. दोन्ही एकापाठोपाठ एक दिसल्या की नाव खोल पाण्याच्या रेषेत आहे. त्या एकमेकींपासून सुटल्या की नाव भरकटली. मग दुरुस्ती कशी करायची? जवळची खूण ज्या बाजूला सरकलेली दिसते, त्या बाजूला नाव वळवायची, दोन्ही पुन्हा जुळेपर्यंत. वारकऱ्याची लांबची खूण म्हणजे पंढरीचा कळस. जवळची खूण म्हणजे आज समोर असलेले कर्तव्य, घरातले म्हातारे आईबाप, शेत, शब्द दिलेले काम, शेजाऱ्याची अडचण. पुंडलिकाने जवळची खूण सोडली नाही म्हणून लांबची खूण त्याच्या दारी येऊन उभी राहिली. कळसाकडे नजर लावून जवळच्याचा विसर पडला, किंवा जवळच्यात गुंतून कळस दिसेनासा झाला, तर दोन्ही वेळा नाव वाळूकडे चालली आहे असे समजावे. कळस हलत नाही. आपणच सरकलेलो असतो, आणि दुरुस्ती जवळच्या बाजूने सुरू होते.

शेवटी सर्वांत कठीण प्रश्न उरतो. सारे नीट केले, वेग राखला, बाजू पाळली, भार मोजून घेतला, आणि तरीही नाव उलटली तर? असे होते. अचानक वारा सुटतो. चांगला नावाडी आणि भाविक उतारूही बुडतात. अशा घरी जाऊन "त्यांची भक्ती कमी पडली असेल" किंवा "देवाच्या मनात असेच होते" असे घाईने बोलणाऱ्याने आधी जीभ आवरावी. भरती आणि वारा आपल्या हातात नव्हते, हे आपण आरंभीच मान्य केले आहे. ते फक्त यश आले तेव्हा मान्य करून चालत नाही. अशा वेळी शेजारी बसावे, चूल पेटवावी, मुलांना पोटाशी घ्यावे. आणि ज्याने आपले वल्हे शेवटपर्यंत सोडले नाही, त्याला एकच गोष्ट सांगावी की तुझ्याकडे जेवढे होते तेवढे तू दिलेस, उरलेला भार तुझा नव्हता. भार देवावर टाकण्याची खरी जागा हीच. कामाच्या आधी ते वाक्य म्हटले तर ते अनेकदा आळसाचे असते. काम करता करता म्हटले तर बळ देते. आणि सारे करून हात रिकामे झाल्यावर म्हटले तर ते वाक्य माणसाला बुडू देत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी "भार पांडुरंगावर टाकला" हे शब्द ओठांवर येतील तेव्हा क्षणभर आपल्या हातांकडे पाहावे. त्यांत वल्हे आहे का? होडीत आपल्यामुळे कोणाचा जीव जड झाला आहे का? वळणाआधी आपण कोणाला साद घातली का? ज्याला वाट नाही त्याला ती दिली का? एवढे पाहून झाले की मग निःशंकपणे ते वाक्य म्हणावे. विटेवर उभ्या असलेल्याने आपले दोन्ही कर कटेवर ठेवले आहेत. काम करणारे हात त्याने आपल्याला दिले आहेत.

रामकृष्णहरी.